आफ्रिकेत ब्रँड नेताय? आधी नाव नोंदवा, मग कंटेनर भरा

दक्षिण आफ्रिकेत मॅकडॉनल्ड्सनं आपली चिन्हं १९६८ पासून नोंदवायला सुरुवात केली होती. दुकान मात्र एकही उघडलं नव्हतं. वर्षानुवर्षं न वापरलेला ट्रेडमार्क रद्द करून घेता येतो, हे हेरून १९९३ मध्ये जोबर्गर्स नावाच्या तिथल्याच एका कंपनीनं ते नाव स्वतःसाठी मागितलं आणि जुन्या नोंदी काढून टाकायचा अर्जही केला. खालच्या कोर्टात मॅकडॉनल्ड्स हरली. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अपील न्यायालयानं निकाल फिरवला, तो सुप्रसिद्ध चिन्हांना संरक्षण देणाऱ्या नव्या कलमाच्या आधारे. त्यासाठी कंपनीला लोकांमध्ये पाहणी करून 'हे नाव आम्हाला ठाऊक आहे' असे पुरावे गोळा करावे लागले.

भोसरीत मोटारसायकलचे ब्रेक शू बनवणाऱ्या कारखानदाराला हा रस्ता बंद आहे. त्याचं नाव तिथं कुणी 'सुप्रसिद्ध' मानणार नाही आणि एवढी वर्षं कोर्टात काढण्याइतका पैसाही त्याच्याकडे नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट आहे: इतरांच्या आधी, स्वतःच्या नावावर नोंदणी करणं.

उदाहरण म्हणून असाच एक काल्पनिक कारखाना धरू. उदाहरण हवेतलं नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोची बॉक्सर ही मोटारसायकल केनिया-युगांडात बोडाबोडा म्हणून आणि नायजेरियात ओकाडा म्हणून, म्हणजे भाड्याची दुचाकी म्हणून धावते. त्यामुळे सुट्या भागांची मोठी बाजारपेठ तिथं उभी आहे आणि डुप्लिकेट मालाचीही. मसाले, औषधं, पंप, केसांचं तेल विकणाऱ्यांनाही पुढचं सगळं थोड्याफार फरकानं लागू पडतं.

माल कुठं जातो ते आधी लिहून काढा

वकिलाकडे जाण्याआधी कागदावर दोन याद्या करा. एकीत तुम्ही बिल फाडता ते देश. दुसरीत तुमचा माल पुढं वाहत जातो ते देश. ही दुसरी यादी बहुतेक जण करतच नाहीत आणि फसवणूक बऱ्याचदा तिथंच होते. मोंबासाला उतरलेला माल केनियात थांबत नाही, तो युगांडा आणि दक्षिण सुदानकडे जातो. दार-ए-सलामचा माल झांबिया, रवांडा आणि काँगोच्या पूर्व भागात पोचतो. बेनिनमधल्या कोटोनूला उतरलेला बराचसा माल लागोसच्या बाजारात दिसतो. तुम्ही फक्त बेनिनच्या व्यापाऱ्याला माल विकत असाल, तरी तुमचं नाव नायजेरियात ओळखीचं झालेलं असू शकतं. तिथल्या कुणी ते आपल्या नावावर केलं, तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

दुसऱ्या यादीतल्या सगळ्या देशांत लगेच पैसे घालायची गरज नाही. पण बंदरं आणि मोठे बाजार, म्हणजे केनिया, टांझानिया, नायजेरिया, घाना, दक्षिण आफ्रिका, यांतले तुमच्या वाटेवरचे देश पहिल्या वर्षीच उरकावेत असं माझं मत आहे.

भारतातली नोंदणी तिथं चालत नाही, पण तिच्याशिवाय पुढं जाऊही नका

ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातून मिळालेलं प्रमाणपत्र नैरोबीत दाखवून उपयोग नाही. तरीही पहिला अर्ज इथंच करा. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गामागे, म्हणजे मालाच्या ठरवून दिलेल्या प्रत्येक गटामागे, ४,५०० रुपये आणि इतरांसाठी ९,००० रुपये लागतात. त्यातून दोन फायदे होतात. एक, पॅरिस करारानुसार भारतातल्या अर्जाच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत करारातल्या दुसऱ्या देशात अर्ज केला, तर तिथंही तुमची भारतातली तारीख धरली जाते; यालाच अग्रक्रम म्हणतात. दोन, माद्रिद पद्धतीचा, म्हणजे एकाच अर्जात अनेक देश मागायचा, अर्ज करायला भारतातला अर्ज किंवा नोंदणी पायाला लागतेच.

अर्ज कुणाच्या नावावर करायचा, हे इथंच पक्कं करा. आपल्याकडे वडिलांच्या प्रोप्रायटरशिपच्या नावावर ट्रेडमार्क, माल भावाच्या प्रायव्हेट लिमिटेडच्या बिलावर आणि निर्यात तिसऱ्याच फर्मच्या आयईसीवर (आयात-निर्यात कोडवर), असा प्रकार सर्रास दिसतो. इथं तो खपून जातो. परदेशात हरकतीच्या वेळी समोरचा वकील नेमकं तेच पकडतो. एका मालकाच्या नावावर सगळं आणा आणि बाकीच्यांना लेखी परवाना द्या.

वर्गही नीट निवडा. ब्रेक शू आणि मोटारसायकलची चेन १२ व्या वर्गात येतात, पण पिस्टन आणि स्पार्क प्लग ७ व्या वर्गात आणि इंजिन ऑइल ४ थ्या. उद्या ज्या वस्तूवर तेच नाव छापणार आहात, तिचा वर्गही आजच घ्या. शब्द आणि लोगो दोन्ही नोंदवायला पैसे कमी पडत असतील, तर शब्द आधी. लोगो दर पाच-सात वर्षांनी बदलतो, नाव राहतं.

चार रस्ते

पहिला रस्ता माद्रिदचा. भारत ८ जुलै २०१३ ला या व्यवस्थेत सामील झाला. भारतीय कार्यालयामार्फत एकच अर्ज करायचा, हवे ते सदस्य देश निवडायचे, आणि तो जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेमार्फत (वायपो) त्या त्या देशांत जातो. भारतीय कार्यालयाचं हाताळणी शुल्क ५,००० रुपये. मूळ आंतरराष्ट्रीय शुल्क काळ्या-पांढऱ्या चिन्हासाठी ६५३ स्विस फ्रँक आणि रंगीत चिन्हासाठी ९०३, शिवाय प्रत्येक देशाचं वेगळं. रंग हाच तुमचा ओळखीचा भाग नसेल तर काळं-पांढरंच द्या. केनिया, घाना, रवांडा, झांबिया, मोझांबिक, इजिप्त, मोरोक्को या व्यवस्थेत आहेत. दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, टांझानिया आणि युगांडा नाहीत, म्हणजे आपल्याला सगळ्यात जास्त हवे असलेलेच देश बाहेर.

माद्रिदची एक दुखरी नस आहे. पहिली ५ वर्षं आंतरराष्ट्रीय नोंदणी भारतातल्या मूळ अर्जावर टांगलेली असते. इथं ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्जाची प्रसिद्धी झाल्यावर ४ महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतो. त्या हरकतीत तुमचा अर्ज पडला, तर तिकडची सगळी नोंदणीही पडते. ३ महिन्यांच्या आत प्रत्येक देशात स्वतंत्र अर्जात रूपांतर करता येतं, पण खर्च मग नव्यानं. म्हणून भारतात हरकत येण्याची शक्यता असलेलं नाव माद्रिदनं नेऊ नका.

दुसरा रस्ता ओआपीचा. कॅमेरूनमधल्या याउंदे इथं मुख्यालय असलेल्या या आफ्रिकी बौद्धिक संपदा संघटनेत १७ देश आहेत, बहुतेक फ्रेंच भाषक: सेनेगल, कोत दिव्वार, कॅमेरून, माली, बुर्किना फासो, बेनिन, टोगो, गॅबॉन वगैरे. इथं देश निवडायचा प्रश्नच नाही. या देशांत ट्रेडमार्कची वेगळी राष्ट्रीय नोंदणी नसते. एक अर्ज केला की सतराही देश येतात. सतरा बाजारांचा हिशेब केला तर हा आफ्रिकेतला सगळ्यात स्वस्त सौदा आहे. ओआपी २०१५ पासून माद्रिदमध्येही आहे. तरी तिथं गांभीर्यानं धंदा करायचा असेल, तर मी थेट याउंदेला स्थानिक एजंटमार्फत अर्ज करायला सांगेन, कारण भारतातल्या पायाशी बांधलेपण राहत नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की नोंदणी सामाईक असली तरी नक्कल करणाऱ्यावर खटला ज्या त्या देशाच्या कोर्टातच भरावा लागतो आणि तिथला कारभार फ्रेंचमध्ये चालतो.

तिसरा आरिपोचा, ही आफ्रिकेतली दुसरी प्रादेशिक बौद्धिक संपदा संघटना, मुख्यालय झिम्बाब्वेतलं हरारे. ट्रेडमार्कसाठी त्यांचा बांजूल प्रोटोकॉल आहे. ओआपीसारखा तो आपोआप सगळीकडे लागू होत नाही, देश निवडावे लागतात. आरिपोचा सदस्य असलेला प्रत्येक देश बांजूलमध्ये नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. केनिया, घाना, झांबिया आरिपोत आहेत, पण बांजूलमध्ये नाहीत. बोत्सवाना, मलावी, नामिबिया, मोझांबिक, टांझानिया, युगांडा, झिम्बाब्वे आहेत. शिवाय इंग्रजी कायदेपरंपरेच्या काही देशांनी करारावर सही केली, पण तो आपल्या कायद्यात उतरवला नाही. अशा ठिकाणी आरिपोची नोंदणी कोर्टात टिकेल का, याबद्दल तिथलेच वकील साशंक असतात. टांझानिया-युगांडासारख्या तुमच्या मुख्य बाजारात मी हा धोका पत्करणार नाही.

उरला चौथा: प्रत्येक देशात थेट अर्ज. महाग, संथ आणि बहुतेक वेळा सगळ्यात भक्कम.

आफ्रिकी मुक्त व्यापार क्षेत्राचा बौद्धिक संपदा प्रोटोकॉल आफ्रिकन युनियननं फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वीकारला. त्यातून एका अर्जात अख्खं खंड मिळेल, असं सांगून पैसे मागणारा सल्लागार भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. अशी नोंदणी तूर्तास नाही.

थेट अर्जाच्या देशांतल्या खाचाखोचा

नायजेरिया माद्रिदमध्ये नाही, ओआपीत नाही, आरिपोतही नाही. अबुजाच्या रजिस्ट्रीत मान्यताप्राप्त स्थानिक एजंटमार्फतच अर्ज होतो. स्वीकृतीचं पत्र तुलनेनं लवकर येतं, पण जर्नलची प्रसिद्धी रेंगाळते आणि प्रमाणपत्र त्याहून मागं. प्रसिद्धीनंतर हरकतीला २ महिने असतात. पहिली मुदत ७ वर्षांची, त्यानंतर १४-१४ वर्षांनी नूतनीकरण. भारतात १० वर्षांची सवय असल्यानं सातव्या वर्षाची तारीख चुकवणारे पुष्कळ. खाद्यपदार्थ, औषधं किंवा सौंदर्यप्रसाधनं विकणार असाल, तर नॅफडॅक ही तिथली नियामक संस्था उत्पादन नोंदवताना ब्रँडच्या ट्रेडमार्कचा पुरावा मागते. म्हणजे ट्रेडमार्क लांबणीवर टाकला की माल विकायचा परवानाही लांबतो. नेमक्या याच घाईत 'मी माझ्या नावावर करून टाकतो, तुम्ही काळजी करू नका' असं डिस्ट्रिब्युटर म्हणतो. त्याला नको म्हणा.

टांझानियात दोन रजिस्ट्र्या आहेत, मुख्य भूमीसाठी दार-ए-सलामची ब्रेला आणि झांझिबारसाठी वेगळी. एकीची नोंदणी दुसरीकडे चालत नाही. झांझिबार छोटं बेट म्हणून सोडून देतात आणि नकली माल तिथूनच आत शिरतो. मुख्य भूमीवर पहिली मुदत ७ वर्षांची, नंतर १०. सलग ३ वर्षं वापर नसेल तर नोंद रद्द करून मागता येते.

दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या सीआयपीसीकडे अर्ज करायचा. एका अर्जात एकच वर्ग, म्हणून आपल्या ब्रेक शू-पिस्टनवाल्याला दोन अर्ज. सरकारी शुल्क माफक आहे, वेळ मात्र वर्षांत मोजावा लागतो. हरकतीला ३ महिने. ५ वर्षं न वापरल्यास काय होतं ते मॅकडॉनल्ड्सच्या प्रकरणात दिसलंच.

केनियात नैरोबीच्या किपीकडे थेट किंवा माद्रिदनं जाता येतं, हरकतीला ६० दिवस. मोझांबिकमध्ये दर ५ वर्षांनी 'हे चिन्ह वापरायचा इरादा आहे' असं जाहीरपत्र द्यावं लागतं. ते राहिलं तर नोंद धोक्यात. काँगो लोकशाही प्रजासत्ताक, म्हणजे किन्शासाचं काँगो, फ्रेंच भाषक असूनही ओआपीत नाही, तिथं वेगळा अर्ज. ब्राझाव्हिलचं काँगो मात्र ओआपीत आहे. या दोन काँगोंची गल्लत केलेली कोटेशनं खरोखर येतात. एरिट्रियात ट्रेडमार्क नोंदणीची व्यवस्थाच नाही, तिथं वर्तमानपत्रात मालकीची जाहीर सूचना छापण्याची पद्धत आहे.

स्थानिक एजंटला द्यायच्या मुखत्यारपत्राची तयारी वेळेत करा. काही देशांत साधी सही पुरते, काहींत नोटरी लागते. इजिप्त किंवा अंगोलासारख्या ठिकाणी चेंबर ऑफ कॉमर्स, परराष्ट्र मंत्रालय आणि मग दिल्लीतला दूतावास अशी साखळी पार करावी लागते. ६ महिन्यांच्या अग्रक्रमातले दोन महिने यातच जाऊ शकतात.

अर्जाआधीचा शोध आणि नावाची परीक्षा

प्रत्येक देशाच्या रजिस्टरमध्ये शोध घ्या. वायपोच्या जागतिक डेटाबेसवर फुकट पाहता येतं, पण आफ्रिकेतल्या अनेक रजिस्ट्र्यांची माहिती तिथं अपुरी आहे. तिथं काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. स्थानिक एजंटकडून अधिकृत शोध घ्या आणि 'आमच्या डिस्ट्रिब्युटरच्या, त्याच्या भागीदाराच्या नावावर काही अर्ज आहेत का' हे वेगळं विचारा. स्वाहिली, हौसा, अम्हारिक, अरबी यांपैकी तुमच्या बाजारातल्या भाषेत नावाचा अर्थ आणि उच्चार तपासून घ्या. इजिप्त आणि सुदानसाठी अरबी लिपीतलं रूपही नोंदवणं शहाणपणाचं, कारण दुकानावरची पाटी त्याच लिपीत असते.

दुसऱ्याच्या नावाचंही भान ठेवा. 'बॉक्सरला चालेल' असं ब्रेक शूच्या डब्यावर साध्या अक्षरांत लिहिणं ही माहिती झाली. त्याच डब्यावर बजाजचा लोगो छापणं किंवा बॉक्सरचं नाव तुमच्या ब्रँडपेक्षा मोठं करणं म्हणजे तुम्हीच नक्कल करणारे ठरता.

डिस्ट्रिब्युटरचा करार: खरं भांडण इथंच

चिनी कारखान्यांनी केलेल्या नकलेची चर्चा फार होते. माझ्या मते छोट्या निर्यातदाराला त्याहून मोठा धोका आपल्याच माणसाचा असतो. डिस्ट्रिब्युटर नाव आपल्या नावावर नोंदवतो. कधी चांगल्या हेतूनं, कस्टम्समध्ये माल अडकू नये म्हणून. कधी उद्या तुम्ही दुसरा डीलर नेमू नये म्हणून. हेतू कोणताही असो, तुमचा माल त्या देशात थांबवण्याची ताकद त्याच्याकडे जाते.

म्हणून अर्जाची पावती हातात येण्याआधी नमुने आणि लेबलचं डिझाइन पाठवू नका. करारात स्पष्ट लिहा: ब्रँड, लेबल, डोमेन आणि सोशल मीडियाची पानं निर्मात्याच्या मालकीची, वितरकानं किंवा त्याच्या नातेवाइकानं तसंच किंवा तशा प्रकारचं नाव कुठंही नोंदवायचं नाही, चुकून नोंदवलंच तर मोबदला न घेता हस्तांतर करायचं, करार संपल्यावर अमुक दिवसांत पाट्या आणि लेबलं काढायची. नियामकाकडची उत्पादन-नोंदणी स्थानिक प्रतिनिधीमार्फत करावी लागत असेल, तर तो तुमच्या वतीनं हे करतो आहे आणि करार संपल्यावर ती तुम्ही सांगाल त्याच्याकडे सोपवायची आहे, हेही लिहा. वितरकाला ट्रेडमार्क वापरण्याचा परवाना लेखी द्या. जिथं परवान्याची नोंद करता येते तिथं करा, म्हणजे त्यानं केलेला वापर तुमचा वापर धरला जाईल.

मराठी किंवा गुजराती ओळखीतून जमलेल्या व्यवहारात हा कागद मागायला संकोच वाटतो. तरी मागा.

नोंदणी झाल्यावर

विक्रीची बिलं, शिपिंग बिलं, तिथल्या दुकानातले फोटो, जाहिराती, प्रदर्शनांच्या पावत्या असं सगळं देशवार फोल्डरमध्ये ठेवा. वापर सिद्ध करायची वेळ येते तेव्हा 'आम्ही तिथं पंधरा वर्षं विकतोय' हे वाक्य चालत नाही, तारखेचा कागद चालतो. नूतनीकरणाच्या तारखा अकाउंटंटच्या कॅलेंडरमध्ये टाका, वकिलाच्या भरवशावर सोडू नका. नव्या अर्जांवर लक्ष ठेवणारी 'वॉच' सेवा निदान तुमच्या मोठ्या तीन-चार बाजारांसाठी घ्या. नाहीतर हरकतीची ६० दिवसांची खिडकी उघडून बंदही होते आणि पत्ता लागत नाही.

डुप्लिकेट माल सापडला तर

२००९ मध्ये नायजेरियात 'मेड इन इंडिया' छापलेली बनावट मलेरियाविरोधी औषधं पकडली गेली. ती चीनमधून आली होती आणि भारतानं यावर तक्रार केली. अशा प्रकारात आपल्या कंपन्यांचंच नाही, देशाचंही नाव खराब होतं. पुढं नॅफडॅकनं औषधांच्या वेष्टनावर खरवडायचा कोड आणि तो एसएमएसनं तपासायची सोय आणली. इतर मालाच्या उत्पादकांनीही हा धडा घ्यावा. प्रत्येक डब्यावर तपासता येणारा क्रमांक आणि पॅकिंगमधली फक्त तुम्हाला ठाऊक असलेली एखादी खूण ठेवा. कस्टम्सच्या अधिकाऱ्यासमोर खरं-खोटं दोन मिनिटांत दाखवता आलं पाहिजे.

केनियात २००८ च्या कायद्यानं बनावट मालाविरुद्ध खास यंत्रणा उभी केली. २०१८ च्या दुरुस्तीनं आयात मालावरचे बौद्धिक संपदेचे हक्क तिच्याकडे नोंदवायची तरतूद आली. अंमलबजावणीच्या तारखा पुढं-मागं झाल्या आहेत, म्हणून कंटेनर चढवण्याआधी सध्याची स्थिती स्थानिक वकिलाला विचारा. दक्षिण आफ्रिकेचा १९९७ चा कायदा जप्तीचे चांगले अधिकार देतो, पण जप्तीनंतर तक्रार आणि दावा करायच्या मुदती मोजक्या दिवसांच्या आहेत. मुखत्यारपत्र, नोंदणीच्या प्रती आणि खऱ्या मालाचे नमुने वकिलाकडे आधीच नसतील, तर जप्त माल सुटतो.

औषध कंपन्यांनी एक भेद कायम मांडत राहावा. जेनेरिक म्हणजे बनावट नव्हे. केनियाच्या त्याच २००८ च्या कायद्यातल्या बनावट मालाच्या व्याख्येत कायदेशीर जेनेरिक औषधंही अडकू शकतात, असं म्हणत एचआयव्हीबाधित रुग्ण कोर्टात गेले आणि एप्रिल २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मुंबईच्या जेनेरिक उत्पादकांचा माल बंदरात 'संशयित' म्हणून अडला, तर वकिलाच्या हाती हा निकाल असू द्या.

डिझाइन आणि पेटंटबद्दल थोडक्यात

बाटलीचा किंवा पंपाचा आकार जपायचा असेल तर विक्री किंवा प्रदर्शनाआधी अर्ज करा; एकदा जगासमोर आला की नवेपणा गेला. डिझाइनलाही भारतातल्या अर्जापासून ६ महिन्यांचा अग्रक्रम मिळतो. पेटंटसाठी पीसीटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य कराराच्या, मार्गानं गेलात, तर ओआपीत ३० आणि आरिपोत ३१ महिन्यांच्या आत पुढचं पाऊल टाकावं लागतं.

नाव आधीच दुसऱ्यानं घेतलं असेल तर

सगळ्यात आधी अर्जाची अवस्था पाहा. प्रसिद्धी झाली असून हरकतीची मुदत बाकी असेल, तर इतर सगळं सोडून हरकत दाखल करा, ती रद्द करण्याच्या दाव्यापेक्षा खूप स्वस्त पडते. नोंदणी झालीच असेल, तर दोन आधार तपासा: समोरच्यानं तुमचा माल विकत असताना, म्हणजे तुमची मालकी माहीत असून नोंद केली का, आणि नोंद करून तो वापर करतो आहे का. जुने ईमेल, ऑर्डरी, त्यानं तुमच्याकडे मागितलेली लेबलं इथं कामी येतात. या पुराव्यांसह आधी वकिलाची नोटीस पाठवा, कारण बहुतेक प्रकरणं तडजोडीत मिटतात. पैसे देऊन नाव परत घ्यायचं ठरलंच, तर रक्कम एकदम देऊ नका. काही भाग हस्तांतराच्या कागदावर सही झाल्यावर आणि उरलेला रजिस्ट्रीत तुमचं नाव मालक म्हणून लागल्यावर द्या. त्याच कागदात नियामकाकडची उत्पादन-नोंदणी, डोमेन आणि शेजारच्या देशांत त्यानं केलेले अर्जही ओढून घ्या.